कवळीमास्तर आणि वीस मिनिटांचं गाणं

निदान साडेचार हजार माणसं आज कवळीमास्तरांच्या दातांनी जेवतात, हसतात, भांडतात आणि शेजाऱ्यांची उणीदुणी काढतात. त्यांतल्या एकानंही मास्तरांना पाहिलेलं नाही. माप घेतात डॉक्टर, कवळी बसवतात डॉक्टर, पेशंटच्या हातात आरसा देऊन "वा, दहा वर्षांनी लहान दिसताय" म्हणतात तेही डॉक्टरच. मधलं सगळं, म्हणजे मेण, प्लास्टर, दात रचणं, उकळणं, घासणं, दवाखान्याच्या मागच्या खोलीत होतं, आणि तिथे मास्तर एकतीस वर्षं बसत आले. याचं त्यांना दुःख अजिबात नव्हतं. पेशंटशी बोलावं लागत नाही हा या धंद्यातला सगळ्यात मोठा फायदा, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

खोली दहा बाय आठ. खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपांकडे उघडते, म्हणून ती कुणी उघडत नाही. भिंतीवर तीन फळ्या, त्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नंबर. टेबलावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि सुऱ्या. कोपऱ्यात गॅस, गॅसवर भलंमोठं पातेलं. आणि दाराशी पॉलिशचं चाक. हे चाक सुरू झालं की ऐकणाऱ्याच्या दातांतून कळ जाते, आणि मास्तरांना ते रोज तीन-चार तास चालवावं लागे. पहिली सतरा वर्षं त्यांनी कानांत कापसाचे बोळे घातले. ते सारखे पडायचे. एक बोळा हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यात पडून थेट कवळीत गेला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत गावभर फिरायला लागला, तेव्हा मास्तरांनी हेडफोन घ्यायचं ठरवलं.

फूटपाथवर जुने रेडिओ, चार्जर आणि कुठल्याच टीव्हीला न चालणारे रिमोट विकणारा एक माणूस बसायचा. त्याच्याकडून मास्तरांनी कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि अंगठ्याएवढा एक प्लेअर उचलला. "आत गाणी भरलेलीच आहेत काका, पाहिजे तेवढी ऐका," तो म्हणाला. मास्तरांना वाटलं, असतील जुनी सिनेमातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाक सुरू केलं आणि बटण दाबलं. आधी पाऊस आला. मग लांब कुठेतरी घंटा. मग कुणीतरी भलंथोरलं दार आपटलं आणि त्यामागून गिटारींचा असा लोंढा आला, की मास्तरांच्या हातातली कवळी उडून वरच्या फळीवर जबड्यांत जाऊन बसली. संध्याकाळी प्लेअर परत करायला गेले, तर फूटपाथवर ना तो माणूस, ना त्याची चादर.

तेव्हा नाइलाजानं ऐकलं. पहिल्या दिवशी नाइलाज, दुसऱ्या दिवशी निदान चाकाचा आवाज तरी दबतो म्हणून, आणि पंधरा दिवसांनी मास्तर दवाखान्यात अर्धा तास लवकर यायला लागले.

या प्रकाराला गॉथिक मेटल म्हणतात हे त्यांना फार उशिरा कळलं, आणि कळून काही फरक पडला नाही. त्यांच्या लेखी ते 'बाईचं गाणं' होतं. खाली ड्रम आणि गिटारी जड पावलांनी, अजिबात घाई न करता चालल्यात. मागे पन्नास जणांचा कोरस, कुणाला तरी पुरून परत येत असावा असा. मधेच एक पुरुष घशाशी पाणी धरून गुळण्या केल्यासारखा गुरगुरतो. आणि या सगळ्या चिखलातून एक बाई वर निघते. ऑपेरातला आवाज, भरदार आणि स्वच्छ. ती चढत जाते, चढत जाते, आता याच्यावर जागाच नाही असं वाटतं, तिथे ती एक श्वास घेते आणि आणखी एक पायरी चढते. त्या पायरीवर मास्तरांच्या मानेवरचे केस उभे राहत. पहिल्या आठवड्यात राहिले आणि चौदा वर्षांनंतरही राहत होते. हातातलं काम थांबायचं, आणि आपण या पाइपांच्या खोलीत नसून कुठल्यातरी उंच छताच्या, गार दगडी जागेत उभे आहोत आणि आपलं फार मोठं काहीतरी हरवलं आहे, असं त्यांना वाटायचं. काय हरवलं, ते विचारायची सोय नव्हती. पण इतकं थाटामाटात हरवलेलं त्यांना दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं.

गुरगुरणाऱ्यावरही त्यांचा जीव होता. "तो खाली पक्का बसलाय म्हणून ती वर शोभते," ते म्हणत. "खालचा जबडा हलला तर वरच्याचा काय उपयोग?"

हे ते बायकोला म्हणत, कारण दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं. आणि बायकोही ऐकत नव्हती. ती कोर्टात स्टेनो. साक्षीदार बोलेल ते शब्दन् शब्द उतरवायचं आणि त्यात आपलं मत घालायचं नाही, हे तीस वर्षं केलेली बाई. घरी मात्र तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि बाईच्या गाण्यावर तर विशेष होतं. एकदा तिनं कुणाकडून तरी शब्दांचा अर्थ काढून आणला.

"अहो, ती म्हणतेय, मी गारठलेय, माझ्या थडग्यावर काळे गुलाब लाव."

"मग लावावेत. मागून मागितलं काय बिचारीनं, गुलाब."

"चौदा वर्षं हेच मागतेय? कुणीतरी एकदाचे लावा आणि सुटा!"

दोन मिनिटांच्या वर तिनं ते गाणं तोवर कधी ऐकलं नव्हतं. तिच्या मते तेवढ्यात एका माणसाचं पूर्ण डोकं उठतं.

तर या गाण्याचा मास्तरांनी धंद्यातही उपयोग करून घेतला. कवळी शेवटी उकळावी लागते. गुलाबी पूड आणि एक उग्र वासाचा द्रव कालवून मसाला करायचा, तो साच्यात दाबायचा, साचा पितळेच्या जाड डबीत आवळायचा आणि डबी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची. वेळ कमी पडला तर द्रव कच्चा राहतो. कवळी दिसायला झकास, पण तोंडात गेली की हिरड्यांची आग आग होते. आता बाईचं सगळ्यात लांब गाणं मोजून वीस मिनिटांचं. मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्याच खिळ्याला प्लेअर टांगला. डबी पाण्यात, बटण चालू. पंधरा मिनिटं सगळ्यांची धुमश्चक्री चालते. मग सगळे दमून गप्प होतात, आणि शेवटची पाच मिनिटं नुसता बारीक पाऊस, काचेच्या इवल्या घंटा, आणि बाई अगदी कानाशी येऊन कुजबुजते. कुजबूज थांबली की डबी बाहेर. तेरा वर्षांत एकही कवळी परत आली नाही.

चौदाव्या वर्षी सहा महिन्यांत चार आल्या.

पहिला पेशंट म्हणाला कडू लागतं. दुसरीच्या हिरड्या लालबुंद झाल्या. तिसऱ्यानं कवळी रुमालात बांधून आणली आणि डॉक्टरांच्या टेबलावर पुराव्यासारखी ठेवली. चौथी बाई काही बोलली नाही, कारण तिला बोलवतच नव्हतं. मास्तरांनी पूड बदलली. द्रव बदलला. नळाच्या पाण्यावर संशय घेऊन दोन दिवस बाटलीतलं पाणी उकळलं. गाणं हल्ली जरा लवकर संपतं असं त्यांना अधूनमधून वाटे, पण वय झालं की दिवस भराभर जातात हे ते ऐकून होते, तेव्हा गाणीही जात असतील, असं म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला.

चौथ्या कवळीनंतर डॉक्टर मागच्या खोलीत आले. मास्तरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावानं गरीब. बोलायचं ठरवून आले होते, म्हणून आधी दोन मिनिटं जबड्यांच्या फळ्या बघत राहिले.

"मास्तर, राग मानू नका. ते डोक्यावरचं काढा आता. कान बंद करून बसलं की लक्ष कुठे राहतं?"

"कवळी हातांनी होते," मास्तर म्हणाले.

"अहो, पण चार झाल्या! आणि पुढची कुणाची आहे माहितीये ना? सासूबाईंची." डॉक्टरांच्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. जावयाला त्या अजून 'उभं राहून बोल' म्हणत.

एकतीस वर्षांत मास्तरांनी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही, पण मानेच्या शिरा दिसल्या. "ती मीच करतो. आणि गाणं लावूनच करतो. कच्ची निघाली तर हे हेडफोन तुमच्या खणात. पुन्हा मागणार नाही."

"सासूबाई आहेत हो त्या माझ्या," डॉक्टर कळवळून म्हणाले.

"म्हणूनच."

बोलून गेले खरे, पण डॉक्टरांची पाठ वळल्यावर मास्तरांनी हेडफोन काढून मांडीवर घेतले. हेडफोन गेले तर उरलं काय? चाक, पाइपांकडची खिडकी आणि फळीवरची दीडशे उघडी तोंडं. बाई नसेल तर या खोलीत बसायचं कशाला, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

दोष आपला नाही, प्लेअरचा आहे, असं रविवारी दुपारी त्यांच्या डोक्यात आलं. बॅटरी जुनी झाली, यंत्र जोरात पळतंय, म्हणून गाणं लवकर संपतंय! त्यांनी प्लेअर घरच्या छोट्या स्पीकरला जोडला, स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर आणून ठेवलं आणि वीस मिनिटांचं गाणं लावलं. बायको तिथेच टेबलावर आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. "शिक्षा किती वेळाची आहे?" तिनं विचारलं. मास्तरांनी बोटानं गप्प केलं. गुरगुरणारा गुरगुरला, कोरस जाऊन आला, बाई चढली, उतरली, आणि गाणं थांबलं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

"सापडलं! पंधरा मिनिटं! पाच मिनिटं खातोय बेटा!" त्यांनी आनंदानं टेबलावर थाप मारली आणि बटणाकडे हात नेला.

"अहो, बंद कशाला करताय? चालू आहे अजून."

"काय चालू आहे?"

"पाऊस पडतोय की त्यात."

मास्तर स्पीकरजवळ वाकले. मग कान टेकवला. मग दुसरा टेकवला.

"ही घंटा वाजली बघा आत्ता," बायको म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय? त्यातच," असं म्हणताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर डोळे बारीक करून स्पीकरच्या जाळीकडे बघत होते, जणू आवाज दिसला तरी चालेल. तिनं इस्त्री उभी केली आणि प्लग काढला. "बसा जरा," ती म्हणाली, आणि हे तिनं ज्या मऊपणानं म्हटलं त्यानं मास्तर जास्त घाबरले.

कानाच्या डॉक्टरनं त्यांना एका काचेच्या खोक्यात बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि मग एक आलेख दाखवला. त्यातली रेघ डावीकडे बरी चालली होती आणि उजवीकडे जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. चाकाचा प्रताप, तो म्हणाला. हेडफोनात आवाज किती ठेवता, असंही विचारलं. मास्तर म्हणाले, चाकाच्या वर. "मग दोघांनी मिळून खाल्लेत," डॉक्टर म्हणाला. गेलं होतं ते फक्त बारीक आणि टोकदार: पाऊस, काच, कुजबूज. ड्रम होते, गिटारी होत्या, बाईचा भरलेला आवाजही होता. गुरगुरणारा तर मरेपर्यंत साथ देईल, अशी लक्षणं होती.

घरी परतताना बायकोनं मार्ग काढून टाकला. "मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावायचा. झालं. कवळी पक्की, पैज जिंकलात, हेडफोन तुमचे."

"लावीन," मास्तर म्हणाले. पुढच्या कोपऱ्यावर थांबले. मग म्हणाले, "शेवटी ती काय करते तेच मला आठवत नाहीये."

"कोण?"

"बाई. ऐकू येत होतं तेव्हा माझं लक्ष डबीवर असायचं. कधी एकदा थांबते आणि कधी डबी काढतो. तेरा वर्षं मी तिला घड्याळासारखं वापरलं गं."

यावर बायकोनं काही मत दिलं नाही. मास्तरांना त्याचं आश्चर्य वाटलं, पण डोळे भरले होते म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

सासूबाईंची कवळी उत्तम झाली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कुणाचा जीव त्यात अडकायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जावयाला तीनदा झापलं आणि एकही शब्द अडखळला नाही. मास्तरांनी डॉक्टरांना कानांचं खरं काय ते सांगितलं, परत आलेल्या चारही कवळ्या नव्यानं करून दिल्या आणि भिंतीला दुसरा खिळा ठोकून घड्याळ लावलं. पण ती कवळी उकळली त्या शनिवारचं सांगायचं राहिलंच.

शनिवारी कोर्टाला सुट्टी. मास्तर डबी आवळत होते, एवढ्यात बायको दार ढकलून आत आली. एकतीस वर्षांत ती या खोलीत आली नव्हती. तिनं फळ्यांवरचे जबडे पाहिले, "ही मंडळी रोज बघतात होय तुमच्याकडे," म्हणाली, स्टूल ओढलं, पर्समधून वही आणि पेन्सिल काढली आणि हात पुढे केला. "आणा ते इकडे."

"काय?"

"हेडफोन. शेवटी ती काय करते ते आठवत नाही ना? साक्ष नोंदवून देते."

मास्तरांनी डबी पाण्यात सोडली, मोबाईलवर वेळ लावली आणि बटण दाबलं. हेडफोनखाली बायकोचे केस दोन्ही बाजूंनी फुगून आले होते. दुसऱ्या मिनिटाला तिनं कपाळाला आठ्या घातल्या. पाचव्याला ती मोठ्यांदा ओरडली, "हा माणूस आजारी आहे का?"

"हळू! दवाखाना आहे."

"काय?"

डॉक्टर दारातून डोकावले, हेडफोन आता मास्तरांच्या बायकोच्या डोक्यावर बघून काही न विचारता परत गेले. मास्तर चिमटा हातात घेऊन पातेल्याशी उभे राहिले. गाणं कुठवर आलं ते त्यांना पाठ होतं, आणि आता बायकोच्या चेहऱ्यावरूनही कळत होतं. बाराव्या मिनिटाला बाई चढायला लागली असणार. बायकोची पेन्सिल वहीवर थांबली. तिनं मान थोडी वर केली, आणि त्या शेवटच्या पायरीशी तिनं दुसऱ्या हातानं आपला दंड चोळला. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांना असा आनंद झाला, की उगीचच गॅस कमी-जास्त केला.

पंधरा मिनिटं झाली.

"आता?" त्यांनी खुणेनं विचारलं.

"गप्प बसा. नोंद घेतेय." आणि ती कोर्टातल्या आवाजात, सपाट, एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं सांगायला लागली. "पाऊस. बारीक. पत्र्यावर नाही, झाडांवर पडतोय." पेन्सिल चालली. "घंटा. काचेची. एक. पुन्हा एक. लांब गेली." पातेल्यात डबी खडखडत होती. मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. "बाई आली. जवळ आहे. डाव्या बाजूला. पुटपुटतेय."

"काय म्हणते?"

"भाषा कळत नाही. तेच तेच चार शब्द. मधे श्वास घेते तो ऐकू येतो."

"रडते का?"

स्टेनोबाईंची पेन्सिल थबकली. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, साक्षीदारानं फक्त घडलं ते सांगायचं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं डोळे मिटून जरा वेळ ऐकलं.

"नाही," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज कोर्टातला नव्हता. "रडत नाहीये. दमलीये हो. दिवसभर बोंबलून घरी आल्यावर माणूस जोडे काढताना स्वतःशी बोलतो ना, तसं बोलतेय. खूश आहे बहुतेक."

तेरा वर्षं मास्तरांना वाटत होतं की ती शेवटी मरते.

मोबाईलचा गजर वाजला. मास्तरांनी चिमट्यानं डबी उचलली आणि थंड व्हायला ओट्यावर ठेवली. बायको तशीच बसलेली, हात वर धरलेला, थांबा म्हणून. मग हात खाली आला.

"संपलं," ती म्हणाली. हेडफोन मात्र काढले नाहीत. "परत लावा."

"दुसरी डबी नाहीये आता उकळायला."

"डबी कोण मागतंय? पहिल्यापासून लावा. आणि मधे मधे प्रश्न विचारू नका, माझं अर्धं निसटलं."

मास्तरांनी गॅस बंद केला, बटण दाबलं, दुसरं स्टूल ओढलं आणि हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसले.